कोंबडी स्वतःचीच अंडी खाते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान परसात पाच ते पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी आहे. अंडी खाण्याची सवय लागून चार-सहा दिवसच झाले असतील, तर ती बहुतेक वेळा मोडते. चार महिने झाले असतील, तर फार थोड्या वेळा मोडते. म्हणून पहिला प्रश्न आजच्या दिवसाचा घेतला आहे. कारणांची चर्चा त्यानंतर केली आहे.

पेटीत आजच फुटलेले अंडे आणि बलकाचे डाग दिसले. आत्ता काय करू?

पेटीतले किंवा टोपलीतले सगळे तूस, गवत बाहेर काढा. वरचा ओला भाग तेवढा काढून भागत नाही, कारण खाली झिरपलेल्या बलकाचा वास आणि चव शिल्लक राहते. फळी पाण्याने घासून उन्हात वाळवा आणि तीन इंच जाडीचे कोरडे तूस नव्याने घाला. बलक लागलेली बाकीची अंडीही लगेच उचला. ती पेटीत पडून राहिली तर कोंबड्या बलक चाटता चाटता त्यांनाही टोचतात.

उद्यापासून आठवडाभर सकाळी सातला, नऊला, अकराला आणि दुपारी दोनला अंडी उचला. बहुतेक कोंबड्या उजाडल्यापासून पाच-सहा तासांत अंडे घालतात, त्यामुळे खरी राखण सकाळचीच. आजच एका वाटीत शिंपल्याची चुरी ठेवा. एवढ्यावरही नुकत्याच सुरू झालेल्या बऱ्याच प्रकरणांना आळा बसतो.

कोंबडीच खाते हे कशावरून? मुंगूस किंवा साप नेत नसेल?

आधी हे तपासायलाच हवे. नाहीतर महिनाभर निर्दोष कोंबडीवर उपचार होत राहतात आणि अंडी जातच राहतात.

सापाने गिळलेल्या अंड्याचे काहीच मागे राहत नाही. पेटी कोरडी असते आणि अंडे नुसते गायब झालेले असते. घूस आणि उंदीर अंडी ओढून नेतात किंवा जागेवरच कुरतडतात. कुरतडलेल्या कडेवर दातांच्या बारीक खुणा दिसतात. मुंगसाने नेलेल्या अंड्याची टरफले पेटीपासून लांब, दगडाजवळ किंवा कुंपणाकडेला सापडतात. कावळ्याने नेलेल्याचीही टरफले अंगणात दूर कुठेतरी पडलेली असतात.

कोंबडीने खाल्ले असेल तर पेटीतच ओला डाग असतो. टरफलाचे एक-दोन बारीक तुकडे असतात किंवा तेही नसतात, कारण ती टरफलही खाते. खाणारीच्या चोचीवर, गळ्याखालच्या पिसांवर सुकलेला पिवळा बलक दिसतो.

चोर बाहेरचा निघाला तर अर्धा इंची जाळी आणि फटी बुजवणे हाच उपाय. मुंगूस, घोरपड, नाग हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना मारू नका, विषही घालू नका.

पण कोंबडी स्वतःचे अंडे खातेच का?

कारण तिला अंडे म्हणजे काय हे कळत नाही. धड अंडे तिच्यासाठी एक गुळगुळीत गोटा असतो. ते फुटले की समोर बलक येतो आणि समोर दिसेल ते टोचून पाहणे हा कोंबडीचा स्वभावच आहे. बलकात प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर, त्यामुळे चव लगेच लक्षात राहते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तिला कळते की गोटा फोडला की आतून खाऊ निघतो. तिथून पुढे ती धड अंडीही फोडू लागते. एकीचे पाहून दुसरी शिकते.

म्हणजे शोधायचे ते पहिले अंडे का फुटले हे. कवच पातळ होते, पेटीत तूस कमी होते, दोघींची एकाच पेटीसाठी झटापट झाली, की अंडे दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले? जवळजवळ प्रत्येक प्रकरण या चारांपैकी एकापाशी येऊन थांबते. कारण तसेच ठेवून कोंबडी कापली, तर पंधरा दिवसांत दुसरी कोंबडी तेच शिकते.

कवच पातळ आहे की नाही हे घरी कसे तपासायचे?

एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. त्याच दिवशी घातलेले अंडे त्यात अलगद सोडा. बुडाले तर कवच ठीक, तरंगले तर पातळ. अंडे ताजेच हवे. शिळ्या अंड्यात हवेची पोकळी वाढलेली असते आणि ते कवच चांगले असूनही तरंगते. एका अंड्यावरून निष्कर्ष काढू नका. सहा-सात अंडी तपासा. निम्म्याहून जास्त तरंगली तर दोष खाद्यात आहे.

आम्ही बाजरी, ज्वारी, तांदूळ पोटभर घालतो. तरी कॅल्शियम कमी कसे पडते?

हिशेब करून पाहू. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते. पोटात गेलेल्यापैकी सुमारे निम्मेच अंगी लागते, म्हणून रोज अंडे घालणाऱ्या कोंबडीला दिवसाला जवळपास ४ ग्रॅम लागते. ती दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. १०० ग्रॅम ज्वारी-बाजरीत कॅल्शियम ०.०५ ग्रॅमही नसते. धान्यांत सगळ्यांत वरचढ नाचणी, पण तिच्यातही १०० ग्रॅममागे ०.३५ ग्रॅमच्या आसपास. पोटभर नाचणी खाऊनही गरजेचा जेमतेम दहावा भाग भरतो. उरलेले ती स्वतःच्या हाडांतून काढते. हाडे रिकामी होऊ लागली की कवच पातळ होते.

गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी घालते आणि बाहेर फिरून किडे, गोगलगायी, माती टिपते. तिचे त्यावर भागते. ग्रामप्रियासारखी सुधारित जात त्याच्या दुपटीहून जास्त अंडी घालते. तिला गावरानसारखे नुसत्या दाण्यावर ठेवले की दोन-तीन महिन्यांत मऊ अंडी दिसू लागतात. गावात हल्ली सुधारित पिल्ले सगळीकडे वाटली जातात, पण त्यांच्या खाद्याबद्दल मात्र कुणी पुरेसे सांगत नाही. अंडी खाण्याच्या तक्रारींची सुरुवात फार वेळा इथेच होते.

शिंपल्याची चुरी किती आणि कशी द्यायची?

दाण्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत कायम भरून ठेवा. जिला गरज असते ती बरोबर तेवढी खाते. रोज अंडे घालणारी आणि नुसत्या दाण्यावर असलेली कोंबडी दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास संपवते.

खडा ज्वारीच्या दाण्याएवढा हवा, पीठ नको. कवच तयार व्हायला सुमारे वीस तास लागतात आणि त्यातला बराच काळ रात्रीचा असतो, जेव्हा कोंबडी काहीच खात नाही. जाड खडा पेट्यात, म्हणजे कलेजीबरोबर मिळणाऱ्या त्या जाड स्नायूच्या पिशवीत, रात्रभर राहतो आणि हळूहळू विरघळतो. पावडर संध्याकाळपर्यंत निघून जाते.

चुरी पोल्ट्री खाद्याच्या दुकानात शेल ग्रिट या नावाने मिळते. कोकणात खाडीचे शिंपले घरचेच असतात. ते गोड्या पाण्यात दोनदा धुवून मीठ काढा, उन्हात वाळवा, तव्यावर किंवा चुलीच्या कडेला तापवा आणि कुटा. तापवल्याने ते ठिसूळ होतात. निखाऱ्यात घालून पांढरेफटक होईपर्यंत मात्र जाळू नका. तशाने त्यांची चुनकळी होते आणि ती कोंबडीचे तोंड, अन्ननलिका भाजते.

चुन्याची निवळी पाण्यात घातली तर?

फार घरांत घालतात. अपाय होत नाही, पण पुरतही नाही. एक लिटर स्वच्छ निवळीत जास्तीत जास्त ०.९ ग्रॅम कॅल्शियम विरघळलेले असते. कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते, म्हणजे तिला मिळते जेमतेम ०.२ ग्रॅम. निवळी देत असाल तर द्या, पण तिच्या भरवशावर चुरीची वाटी काढू नका. खायचा चुना खाद्यात कालवून कधीच देऊ नका.

अंड्याची टरफले परत खायला दिली तर सवय लागते का?

अर्धी टरफले तशीच अंगणात टाकली तर लागू शकते, कारण तो आकार आणि आतला ओला पांढरा भाग कोंबडीच्या डोक्यात एकत्र बसतो. धुवून, वाळवून, तव्यावर दोन-तीन मिनिटे भाजून जाडसर कुटली तर धोका नाही. पाटा-वरवंट्यावर एकदा फिरवली तरी पुरे. ओळखू येईल असा एकही तुकडा राहू नये. टरफले नुसतीच पुरेशी होत नाहीत. चुरी हवीच.

खाद्य घरी तयार करायचे असेल तर?

१० किलोसाठी : भरडलेला मका ५.४ किलो, सोयाबीन पेंड २.२ किलो, गव्हाचा कोंडा १.३ किलो, शिंपल्याची चुरी ८०० ग्रॅम, डायकॅल्शियम फॉस्फेट १५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम आणि व्हिटॅमिन-खनिज मिश्रण पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. यात प्रथिने साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम सव्वातीन टक्क्यांच्या वर येते. चुरीची वेगळी वाटी याबरोबरही ठेवा.

सोयाबीनऐवजी शेंगदाण्याची पेंड घालायची असेल तर ती कोरडी, ताजी, बुरशीचा वास नसलेली हवी. पावसाळ्यात साठवलेल्या शेंगपेंडीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तयार होते, त्याने यकृत बिघडते आणि अंडी आणखी कमी होतात.

प्रथिने कमी पडणे हेसुद्धा अंडी खाण्याचे कारण असते. कोंबड्या एकमेकींची पिसे उपटून खात असतील तर संशय आधी प्रथिनांवर घ्या.

हे मिश्रण अंड्यावर नसलेल्या पिल्लांना आणि लहान तलंगांना (तरुण कोंबड्यांना) घालू नका. १८ आठवड्यांच्या आतल्या पक्ष्याला एवढे कॅल्शियम मिळाले तर मूत्रपिंडे खराब होतात. लहान-मोठे एकत्र असतील तर सगळ्यांना वाढीचे खाद्य द्या आणि चुरी वेगळ्या वाटीत. लहान पक्षी ती फारशी खात नाहीत.

उन्हाळ्यातच हा त्रास का वाढतो?

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी टाकून धापते आणि धापताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्यातला कार्बोनेट याच वायूपासून बनतो. तो कमी पडला की पोटात कॅल्शियम असूनही कवच पातळ होते. त्यातच उकाड्याने खाणे कमी झालेले असते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये मऊ अंड्यांची संख्या वाढते ती या दोन्हींमुळे.

खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. माठातले पाणी दिवसातून तीन वेळा बदला. पत्र्यावर गवत किंवा उसाचे पाचट टाकून ते दुपारी भिजवा. खाण्याचा सोडा १० किलो खाद्याला २० ग्रॅम चालतो, पण मग मीठ ३० ऐवजी १५ ग्रॅम करा.

पाण्याचे भांडे दुपारी तासभर जरी रिकामे राहिले तरी तहानलेली कोंबडी ओल्या गोष्टीकडे वळते, आणि फुटके अंडे ही तिला दिसणारी सगळ्यांत जवळची ओली गोष्ट असते.

अंडी घालायची पेटी नेमकी कशी असावी?

लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक फूट. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी. पुढच्या कडेला चार इंचाची पट्टी, म्हणजे तूस सांडत नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच. आत भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा बारीक केलेले गवत तीन इंच. आठवड्यातून एकदा हात घालून तळ लागतो का पाहा. कोंबड्या उकरून उकरून मध्ये खड्डा करतात आणि अंडे थेट फळीवर आपटते. बाहेरून पेटी भरलेली दिसते, आत मधोमध लाकूड उघडे असते.

पेटी अंधारी हवी. तोंडावर गोणपाटाचा तुकडा टांगा आणि तो मधोमध उभा चिरा. कोंबडीला आत जाता येते, पण बाहेरून अंडे दिसत नाही. कोंबडी टोचते ते दिसले म्हणून. अंधाराचा उपाय जवळजवळ फुकटचा आहे आणि तरीही सगळ्यांत कमी वापरला जातो.

रात्री बसायची दांडी पेटीहून उंच ठेवा. कोंबड्या सगळ्यांत उंच जागेवर झोपतात. पेटी उंच असेल तर त्यातच झोपतील, तिथेच घाण करतील आणि पहाटेची अंडी पायाखाली तुडवली जातील.

कोणती कोंबडी खाते हे कसे शोधू?

सकाळी चोची आणि गळ्याची पिसे पाहा. त्यातून कळले नाही तर एका अंड्याला सुईने भोक पाडून इंजेक्शनच्या सिरिंजने खाण्याचा हिरवा किंवा निळा रंग आत सोडा, भोक मेणाने बंद करा आणि ते पेटीत ठेवा. जिची चोच रंगली ती खाणारी. चोची दोन-तीन रंगलेल्या सापडल्या तर पहिली कोण होती याच्या मागे लागू नका. सगळ्यांना वेगळे करा.

आणखी एक खूण : अंडे घालून झाल्यावर कोंबडी कोकलत बाहेर येते. तिची वाट पाहत जी पेटीच्या तोंडाशी उभी असते, तिच्यावर नजर ठेवा.

अंड्यात लाल तिखट भरून ठेवतात. उपयोग होतो का?

नाही. मिरचीचा तिखटपणा ज्या घटकामुळे जाणवतो तो पक्ष्यांना जाणवतच नाही. पोपट मिरच्या आवडीने खातो तो त्यामुळेच. तिखट भरलेले अंडे कोंबडी सरळ खाऊन टाकते आणि तिला आणखी एक अंडे फोडायचा सराव मिळतो.

मोहरीचा झोंबरेपणा मात्र पक्ष्यांना लागतो. दोन चमचे मोहरी थोड्या पाण्यात वाटा आणि दहा मिनिटे ठेवा. मोहरी ओली झाल्यावरच तिचा झणका तयार होतो, म्हणून कोरडी पूड भरण्यात अर्थ नाही. अंड्याला दोन्ही टोकांना भोक पाडून आतले फुंकून काढा, चमच्याने किंवा सिरिंजने मोहरी भरा, भोके कणकेने बुजवून वाळवा. पेटीत फक्त तेच अंडे असू द्या. तीन-चार दिवस रोज नवे ठेवा. नुकती सवय लागलेली कोंबडी यावर बुजते. मुरलेली कित्येकदा तेही खाते.

खोटी अंडी ठेवावीत का?

हो, आणि मोहरीपेक्षा हा उपाय जास्त भरवशाचा आहे. कोंबडी टोचते, काही फुटत नाही, चोच दुखते. असे पन्नासदा झाले की ती नाद सोडते. प्रत्येक पेटीत दोन, दोन ते तीन आठवडे ठेवा. त्या काळात खरी अंडी तासाभराहून जास्त पेटीत राहू देऊ नका. खऱ्या अंड्याने एकदा जरी बक्षीस मिळाले तरी आधीचे दिवस वाया जातात.

लाकडी किंवा संगमरवरी अंडी विकत मिळतात, गोल्फचा चेंडू चालतो, नदीतला अंड्याएवढा पांढरा गोटाही चालतो. टेबल टेनिसचा चेंडू चालत नाही, तो हलका असल्याने कोंबड्या ढकलून बाहेर टाकतात.

घरी करायचे असेल तर अंड्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढे भोक पाडून आतले काढा, साबणाने धुवून वाळवा. प्लास्टर ऑफ पॅरिस दोन भाग, पाणी एक भाग, असे मिश्रण पटकन ओता आणि हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून अंडे हलके ठोका. दुसऱ्या दिवशी टरफल सोलून काढा. टरफल तसेच ठेवले तर कोंबडी तेवढे टोचून खाते आणि उपायच उलटतो. पॉलिश पेपरने घासून पांढरा ऑइल पेंट द्या आणि वास जाईपर्यंत चार दिवस उन्हात ठेवा.

उताराची पेटी म्हणजे काय? घरी होते का?

अंडे पडल्याबरोबर घरंगळून कोंबडीच्या चोचीबाहेर जाते, अशी पेटी. जुन्या खोडावर हाच सगळ्यांत पक्का उपाय. पेटीचा तळ मागून पुढे ४० सेंटिमीटर खोल घ्या आणि त्याला ४ सेंटिमीटर उतार द्या. तळावर प्लास्टिकची हिरवळ किंवा रबरी मॅट चिकटवा. पुढे ६ सेंटिमीटर उंचीची फट, तिच्यापलीकडे १५ सेंटिमीटर रुंद, वरून झाकण असलेली आणि आत स्पंज लावलेली पन्हळ. फटीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी झालरीसारखी टांगा. अंडे ती ढकलून जाते, पण कोंबडीला पलीकडचे दिसत नाही. कोंबडी आत-बाहेर करते ते दार बाजूला ठेवा.

उतार जास्त झाला तर अंडी एकमेकांवर आदळून तडकतात. कमी झाला तर मध्येच थांबतात. खरे अंडे ठेवून दहादा तपासा आणि मगच तळ पक्का करा. उघडा उतार कोंबड्यांना पहिल्यांदा आवडत नाही आणि त्या कोपऱ्यात जमिनीवर अंडी घालू लागतात. म्हणून पहिला आठवडा तळ सपाट ठेवून थोडे गवत घाला, मग गवत कमी करत उतार वाढवा.

चोच कापावी का?

नाही. चोचीत नसा असतात, घरी कापली तर रक्त येते, वेदना राहते आणि कोंबडी खाणे कमी करते. वरच्या चोचीचे टोक फार वाढून वाकले असेल तर नखे घासायच्या कानशीने फक्त पारदर्शक भाग, एक-दोन मिलिमीटर, बोथट करता येतो. त्यापलीकडे जाऊ नका.

खुडूक कोंबडीखालची अंडी फुटतात. तीही खाणारी होते का?

होऊ शकते. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी पेटी अडवते, बाकीच्या तिच्या अंगावर चढून अंडी घालतात आणि त्यात दोन-तीन फुटतात. बसवायची असेल तर १०-१२ अंड्यांसह संध्याकाळी वेगळ्या डालग्यात हलवा, २१ दिवस तिथे दुसरी कोंबडी जाऊ देऊ नका. पिल्ले निघताना ती टरफल टोचताना दिसली तर घाबरू नका, ते साहजिक आहे. रिकामी टरफले मात्र उचला.

पावसाळ्यात कोंबड्या आठ-आठ दिवस आतच असतात. काही वेगळे करावे?

कोंडलेल्या कोंबडीला टोचायला काहीतरी हवे. शेवग्याच्या पाल्याची किंवा पालकाची जुडी तिला मान वर करावी लागेल एवढ्या उंचीवर टांगा. मूठभर ज्वारी तुसात पसरा, ती शोधण्यात त्यांचा वेळ जातो. प्रत्येकीला किमान तीन-चार चौरस फूट जागा मिळते का पाहा. ओले तूस रोज काढा.

नव्या तलंगांची पहिली अंडी मऊच असतात. काळजी करावी का?

पहिले दोन-तीन आठवडे नाही. अंडाशय रुळायचा असतो. फक्त मऊ अंडी पडल्यापडल्या उचला, कारण तलंगा याच वयात ही सवय शिकतात.

सगळे करून पाहिले. तरी एक कोंबडी खातेच.

तिला सात ते दहा दिवस एकटीला तारेच्या तळाच्या, उताराच्या पिंजऱ्यात ठेवा. परत सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात पुन्हा खाल्ले, तर ती अंड्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही. ती कळपात राहिली तर बाकीच्या शिकतील. घरच्या जेवणासाठी वापरा. अंड्यावरची कोंबडी म्हणून शेजाऱ्याला विकू नका, त्याचा कळप बिघडेल.

पशुवैद्यकीय दवाखान्यात कधी जावे?

चुरी, खाद्य, पाणी नीट असून दोन-तीन आठवड्यांत कवच सुधारले नाही तर. त्याआधीही जावे, जर बऱ्याच कोंबड्यांची अंडी एकदम मऊ, सुरकुतलेली किंवा वेडीवाकडी येऊ लागली, अंडी अचानक घटली, शिंका, घरघर, हिरवी विष्ठा किंवा मान वाकडी दिसली. रानीखेत आणि श्वसनाच्या इतर विषाणूजन्य रोगांत कवच असेच बिघडते. अशा वेळी आजारी कोंबडी आधी वेगळी करा आणि शेवटची रानीखेतची लस कोणत्या तारखेला दिली ते लिहून सोबत न्या.